पायथ्याचा पाझर

लव्हॉन प्रूइट रोज सकाळी
काकडीच्या लोणच्याची रिकामी बरणी घेऊन
बांधामागे उतरते.
तिथलं गवत जरा जास्तच हिरवं आहे.
करंगळीएवढी धार.

सरकारी इन्स्पेक्टर म्हणाला होता,
नितळ आहे तोवर झोपा निवांत.
गढूळ आलं, तर समजा
बांध आतून चाललाय.

बांध डेल्मरचा.
उसना बुलडोझर, मिझुरीची तांबडी चिकणमाती,
आणि एक उन्हाळा म्हणता म्हणता चार.
कशाला? तर पोरांना पोहायला,
गळाला बास लागावा म्हणून,
आणि पायांनी हाकायची ती हंसाची होडी,
जी पहिल्याच वर्षी मान मोडून बसली.

पोरं आता टल्साला, डेन्व्हरला.
माथ्यावरचा विलो कापा म्हणतात,
मुळं पाण्याला वाट दाखवतात.
कापला तर मुळं कुजणार,
म्हणजे पुन्हा वाटच.
खाली रस्ता. रस्त्यापलीकडे हॅस्केलांचं घर,
अंगणात टायरचा झोका.

ती बरणी उन्हात धरते.
चष्मा पुसून पुन्हा धरते.
एक कण गरगरत खाली बसतोय.
माती?
की शेपूचं बी,
काल बरणी नीट विसळली नव्हती?

ओतून देते.
पुन्हा भरायला वाकते.