बॅरलवरची रेघ

दोनशे पंच्याण्णव.
पासबुक छापणाऱ्या मशीनने हा आकडा
जरा तिरकाच उमटवला,
आणि दोन ओळी खाली, तीन दिवसांनंतरची तारीख घालून,
परत दोनशे पंच्याण्णव.
शिलाई मशीनचा हप्ता ना, काउंटरवरची पोरगी म्हणाली,
एकोणीसशे पाहिजे होते, होते अठराशे बारा.
हप्ता परत गेला, त्याचा दंड.
दंडाने खातं आणखी खाली गेलं,
म्हणून हप्ता परत गेला, त्याचा दंड.

अठ्ठ्याऐंशी रुपयांसाठी.

मी टॉवेलांना शिवण मारते, डझनाला पाच रुपये.
सात रस्त्यापासून साखर पेठेपर्यंत
चालता चालता हिशेब केला :
एकोणसाठ डझन. आणि वर आणखी एकोणसाठ.
एवढ्या टॉवेलांनी कुठल्या कुठल्या गावची
तोंडं पुसली जातील कोण जाणे.
माझं तोंड मी पदराने पुसलं.

रात्री राजेशम आला, केसांत रुई तशीच.
पासबुक मी ताटाशेजारी उघडून ठेवलं.
त्याने आधी शेंगाचटणी संपवली,
बोटं चाटली,
मग म्हणाला, पाचशे मी काढले की.
भूमय्याचा हात मागात सापडला.
सगळ्यांनीच दिले.

मला बोलायचं होतं खूप.
पण त्याच दुपारी मी फोनवरून
गॅसवाल्याला नऊशे पाठवले होते.
त्याचा मेसेज गेला राजेशमच्या फोनवर,
कारण खात्यावर पहिलं नाव त्याचं,
आणि फोन होता कारखान्यात, खुंटीवरच्या शर्टात.
त्याला वाटलं, हिचं काही नसेल.
मला वाटलं, ह्याचं काही नसेल.
भांडायला कोणी उरलंच नाही.
ओकटी, रेंडू, मूडू, तो बोटांवर मोजत बसला.
तो तेलुगूत मोजतो, मी मराठीत.
बँक कशात मोजते, ते बँकेला ठाऊक.

पहाटे साडेतीनला पाणी आलं, पाचव्या दिवशी.
बॅरलमध्ये पाइप धरून उभी राहिले
आणि झोपेतच ती रेघ दिसली.
तळापासून वीतभर वर, लाल ऑइलपेंटची,
सासूबाईंनी ओढलेली.
रेघेखालचं पाणी
न सांगता कोणी काढायचं नाही.
पाहुणा आला तरी. अंघोळ राहिली तरी.
अकरा वर्षं झाली. सासूबाई गेल्या.
बॅरलचा तळ अजून कोणी पाहिलेला नाही.

खात्यात वाकून बघता येत नाही,
तांब्या आपटला तर आवाज येत नाही,
एवढाच काय तो फरक.

तर आता आमचं शून्य हजारावर आहे.
हजार दिसले की समजायचं, संपलं.
कॅलेंडरवर पाच तारखेला लाल गोल,
एक तारखेपासूनच दोघांनी हात आखडायचा.
आणि पैसे काढायच्या आधी मिस्ड कॉल :
एक वाजला तर, काढू का.
उलट दोन वाजले तर, थांब.
मागांच्या खडखडाटात रिंग ऐकू येत नाही,
म्हणून फोन आता पँटच्या खिशात.
मांडीला गुदगुल्या होतात, म्हणतो,
पोरं हसतात बे.

एका दंडाच्या माफीसाठी अर्ज दिलाय.
पोरगी म्हणाली, बघू.

ती शिक्का शोधत होती तेवढ्यात
मी पासबुकाचं पहिलं पान वाचलं.
इतक्या वर्षांत कधी वाचलं नव्हतं.
दोघांची नावं, आणि खाली बारीक अक्षरात :
दोघांपैकी कोणीही, किंवा मागे हयात राहील तो.

पान मिटलं.
घरी येऊन राजेशमला दंडाचं सांगितलं, ह्याचं नाही.
हा विषय रेघेखालचा.
न सांगता कोणी काढायचा नाही.