घट

कोल्हापूरच्या प्रशिक्षणात दोन दिवस
आम्ही मुख्याध्यापक चार्टपेपरला रंगीत किनार काढत बसलो.
दुपारी कटवडा, त्यानंतर जांभया.
तिसऱ्या दिवशी साधनव्यक्ती म्हणाल्या,
आता शाळेत जा आणि एकमेकांच्या वर्गात मागे बसा.
तपासायला नाही. बघायला.

सत्तावीस वर्षांत मी मागे बसले नव्हते.
मागे बसणारी पोरं ही माझी तक्रार होती.

हुपरी. सहावीचा वर्ग, दशांश अपूर्णांक.
शेवटच्या बाकावर शीतल अकिवाटे सर,
नोकरीला तीन वर्षं, गुडघे बाकात मावेनात,
हातात पेन, मोबाईलवर सेकंद पळतायत.
माझा खडू दोनदा मोडला.

सुट्टीत त्यांनी कागद दिला, नजर स्वतःच्या चपलांवर.
बाईंनी विचारलेले प्रश्न: एक्केचाळीस.
उत्तरं, मुलांची: नऊ.
उत्तरं, बाईंची: बत्तीस.
प्रश्नानंतर थांबल्या, सरासरी: एक सेकंद.
आणि तळाला, बारीक अक्षरात:
नवांतली सात सोहमची.
"माझंच मोजायला चुकलं असेल, बाई."
मी म्हटलं, चहा घ्या.
घरी जाऊन बेरीज पुन्हा केली.
बरोबर होती.

मग रात्री भाकरी थापताना सराव.
एक, दोन, तीन, चार, पाच.
पाच सेकंदांत भाकरी करपते,
एवढे लांब असतात ते.

गुरुवारी फळ्यावर लिहिलं:
साडेबारा लिटर तेल. विकलं पावणेचार. उरलं किती?
आणि थांबले.

एक. सोहमचा हात वर. डोळ्यांनीच खाली घ्यायला लावला.
दोन. गल्लीत चांदीचा पाटा ओढणारं मशीन.
तीन. कुणाची तरी बाटली घरंगळत दारापर्यंत.
चार. उत्तर माझ्याच जिभेवर आलं,
चिंचेसारखं. गिळलं.
पाच, सहा. पोरं एकमेकांकडे बघू लागली,
बाईंना बरं नाही की काय.
आठाला, तिसऱ्या रांगेतून,
जूनपासून हजेरीपुरतंच तोंड उघडणारी
श्रावस्ती कांबळे:
"बाई, घट धरायची का?"

वर्ग हसला. मीही हसणारच होते.
"कसली गं घट?"
"तेल ओतताना डब्याला लागतंय की.
आई पाव किलो चांदी आणती, पैंजणाच्या कड्या जोडायला.
परत दिताना शेठ मोजून घेतोय.
साडेतीन ग्रॅम कमी आलं तर चालतंय.
त्याच्या वर गेलं की मजुरीतनं कापतोय."

मी तेल पुसलं, चांदी लिहिली.
दोनशे पन्नास दिले. दोनशे सेहेचाळीस पूर्णांक तीन परत आले.
ती फळ्यापाशी आली, दशांश चिन्ह भलत्याच घरात ठेवलं,
उत्तर चुकलं, बाहीनं पुसलं.
मी हात पाठीमागे बांधून उभी.
एक हात दुसऱ्याला धरून.
मशीन थांबलं, पुन्हा सुरू झालं.
तीन पूर्णांक सात.
"पॉइंट दोनचं कापणार, बाई,"
ती म्हणाली, फळ्याला नाही, वर्गाला.
आणि एकदम दहा-बारा पोरं बोलायला लागली,
निम्म्यांच्या घरी हेच काम.

सत्तावीस वर्षं.
माझ्या त्या एका सेकंदातून
ओतता ओतता किती पोरं सांडली असतील.
माझ्या पगारातून कुणी कधी कापलं नाही.

सहामाहीला श्रावस्तीला वीसपैकी अकरा.
आधी सहा होते. सोहमला वीस, नेहमीसारखे.
फॉर्म आला: प्रशिक्षणाची फलनिष्पत्ती, दोन ओळींत.
एवढंच लिहिलं.
निरीक्षणाचा कागद जोडायचा होता, त्या गुरुवारचा.
अकिवाटे सरांकडे मागितला.
त्यांनी वही उघडली. वर तारीख, खाली वजाबाक्या,
दोन खोडलेल्या, एक बरोबर.
"मोजायचं राहिलं, बाई," ते म्हणाले,
"मी घट काढत बसलो."