खिळे

अमळनेरच्या वाचनालयात दर बुधवारी
उन्नती शिकवते आम्हा सात म्हाताऱ्यांना:
"आजोबा, ते विचार नाही करत.
पुढचा शब्द कोणता, एवढाच अंदाज."

मी हसलो.
एकतीस वर्षं छापखान्यात खिळे जुळवले.
'आमचे येथे श्री' वाचेपर्यंत
बोटं 'कृपेकरून'च्या खणात.

एकदा, ऐन लग्नसराईत,
सुपडू आबांच्या उत्तरकार्याच्या पत्रिकेत
याच बोटांनी जुळवलं:
'सहकुटुंब येऊन कार्याची शोभा वाढवावी.'
दोनशे प्रती बंबात घातल्या.
एक मात्र भाच्याला पोचली होती.

आज यंत्राला विचारलं, सुपडू आबा कोण?
झरझर उत्तर: थोर समाजसेवक.

आबांची पानटपरी होती,
बोरी नदीच्या पुलाजवळ.
उधारी बुडवणाऱ्यालाही चुना जास्तीचा देत.

चष्मा पुसला.
हात आपोआप खिशात गेला,
लाल पेन्सिलीकडे.