वेटिंग एक्केचाळीस

पेमारामनं आमच्या बाथरूमच्या फरशा बसवल्या
तेव्हापासून हे सुरू झालं.
पारदर्शक नळीत पाणी भरून
तो भिंतीच्या दोन कोपऱ्यांत एकच उंची शोधायचा
आणि शोधता शोधता गावाचं सांगायचा.
खारोडसर. स्टेशनपासून जीपनं अडीच तास,
पुढे रेती ठरवेल तसं.

गावात एक दीपगृह आहे.
समुद्र कुठाय? सावनीनं विचारलं.
नाही आला अजून, म्हणाला.
कुणी शेटजी मुंबईच्या गोदीत पैसा करून परतला,
खिडकीत काही फिरल्याशिवाय त्याला झोपच येईना,
त्यानं बांधलं. दिवा अजून लागतो.
चुकलेले उंट येतात त्यावर,
आणि एकदा आयकरवाले आले होते.

शिवाय जलतरण मंडळ. सभासद अकरा, तलाव नाही.
दर रविवारी खांद्यावर टॉवेल टाकून
ओट्यावर बसतात, चहा पितात,
वर्गणी थकली की नाव कमी करतात.
पोस्ट ऑफिस उन्हाळ्यात रात्री उघडतं.
न्हाव्याकडे आरसा नाही,
तो सांगेल तसे तुम्ही दिसता.

फरशा बसल्या, उतार नीट जाळीकडे गेला,
पेमारामही गेला, पनवेलकडच्या कुठल्याशा टॉवरवर,
आणि इकडे कोपरखैरण्यात, सेक्टर पंधरात,
जेवायच्या टेबलावर आम्ही
डिसेंबरातून आठ दिवस उसवायला बसलो.

श्रीरंगची रजा : चार मंजूर, दोन तोंडी.
सावनीची चाचणी संपते सोळाला.
मांजर वर्गीसबाईंकडे, पण त्यांच्याकडे मासे रोज,
परत येईल का ती, हा वेगळा प्रश्न.
राहायचं विचारलं तर पेमारामचा मावसभाऊ फोनवर म्हणाला,
खोल्या दोन आहेत. एकीला छप्पर, दुसरीला दार.

अण्णा, माझे सासरे,
बेलापूर पट्टीत रंगाच्या कारखान्यात तेहतीस वर्षं,
मी काही येणार नाही म्हणाले.
मग विचारलं, तिथे सकाळी पेपर येतो का.
मग, कमोड आहे का.
मग काहीच न विचारता
माळ्यावरची कानटोपी काढून उन्हात घातली.

तिकीट : वेटिंग एक्केचाळीस.

गोव्यालाच जाऊ या का, श्रीरंग म्हणाला.
बघू, म्हणाले मी.
आमच्या घरात बघू म्हणजे नाही.

मला खरं तर ते दीपगृहच बघायचंय.
आमची इमारत आहे तिथे, अण्णा सांगतात,
भरतीला पाणी यायचं. आता पार्किंग आहे.
तरी दर पावसाळ्यानंतर तळमजल्याच्या भिंतीला
गुडघाभर मीठ फुटतं,
वॉचमन त्यावर चुना मारतो,
सोसायटीच्या खर्चात ते ‘किरकोळ’मध्ये जातं.
इथून अख्खं पाणी गेलं
त्याची कुणी साधी पाटी लावली नाही,
आणि तिकडे न आलेल्या पाण्यासाठी
एक माणूस रोज दिवेलागणीला
एकशे बारा पायऱ्या चढतो.
गुडघे दुखत असतील त्याचे.
त्याला विचारायचंय काय, ते अजून सुचलेलं नाही.

शुक्रवारी रात्री पेमाराम आला.
पाणी नको म्हणाला, चहा घेतला.
पेपरात गुंडाळलेलं एक पुडकं टेबलावर ठेवलं :
नळ. कोरा, चकचकीत, चांगल्या कंपनीचा.
आईला द्या. लाइन येणार आहे.
कधी?
ते नाही सांगितलं त्यांनी.
पण भिंतीला लावून ठेव म्हणावं,
डाव्या अंगाला. ती डावखुरी आहे.

तेव्हापासून तो टेबलावरच आहे,
स्वेटर-मेणबत्त्या-ओआरएसच्या यादीवर वजन म्हणून.
वेटिंग सव्वीसवर आलंय.
सावनी येता-जाता तो उघडते,
कान लावते,
आणि परत घट्ट बंद करते.