पिंप

उद्यमबागेत, फाउंड्रीच्या मागच्या शेडमध्ये
मी समुद्र कालवतो.

(मी बाई आहे. आमच्याकडं बायकाही
आलो, गेलो, कालवतो म्हणतात.
गोव्याच्या सुलक्षा मॅडम पहिल्या दिवशी हसल्या,
तिसऱ्या दिवशी स्वतःच म्हणाल्या, चहा घेतो की.)

दोन पिंपं एकावर एक जोडलेली, बाजूला काच.
चारशे लिटर पाणी, चौदा किलो खडेमीठ.
ढवळून तासभर हात लावायचा नाही.
मग नळी सोडायची,
माझ्या खांद्याएवढी, अॅल्युमिनियमची,
इराण्णानं लेथवर कातलेली.
खाली बारीक साखळी. काचेला नाक लावून मोजायचं
किती कड्या तळाला टेकल्या,
किती नळीनं उचलून धरल्या.

नळीनं तळ गाठायचा नाही, वरही यायचं नाही.
सातशे मीटर खाली, अंधारात,
पाणी नेईल तिकडं जायचं.
ग्रॅमभर चुकलं तर मजलाच चुकतो.
शहापूरच्या सोनाराचा जुना काटा आणलाय त्यासाठी.
इराण्णा चिमट्यानं वॉशर टाकतो,
इन्नू स्वल्प, म्हणतो. अजून थोडं.
मी म्हणतो, साकु. बस्स.
इतकं कन्नड आणि इतकं मराठी पुरतं आम्हाला.

मॅडमनी कागदावर काढून दाखवलं:
तांबड्या समुद्रातलं खारं पाणी
घसरत घसरत आपल्या समुद्रात येतं
आणि खोल कुठंतरी गिरकी घेत राहतं.
वर लाटेला पत्ता नसतो.
वर्षवर्ष फिरतं, आपलं मीठ सोडत नाही.
मी म्हटलं, आमच्या वडगावात अशी चार घरं आहेत.
त्यांनी ते कागदाच्या कडेला लिहून घेतलं.
कशाला, कुणास ठाऊक.

नळीला डोळे नाहीत. तिला कान आहे.
लांब कुठंतरी समुद्रात बांधलेलं एक यंत्र
ठरल्या वेळी हुंकार देतं, ऐंशी सेकंद.
ही ऐकते, वेळ टिपते, गप्प बसते.
तीनशे दिवस.
मग पोटाखालचं वजन सोडून वर येते
आणि सगळं एका दमात सांगते.

सतरा नंबर आषाढात वर आली.
मॅडमनी फोनवर चित्र पाठवलं:
एक रेघ, वळत, वळत, वळत सरकलेली.
मी ते इराण्णाला दाखवलं.
तो काही बोलला नाही.
लेथखाली वाकला, कातताना निघालेली
एक लांब चकाकती कुरळी उचलली
आणि फोनशेजारी ठेवली.
तीच.

अठरा नंबर आली नाही.
तारीख उलटली, दसरा गेला.
मॅडम म्हणाल्या, होतं असं,
गळती असेल, बॅटरी असेल,
जाळ्यात सापडली असेल.
मला मात्र त्या दिवशीची शेवटची कडी आठवते,
टेकली होती की नव्हती,
शिफ्ट सुटायला पाच मिनिटं होती
आणि मी टेकली असं लिहिलं.
हे मी कुणाला सांगितलेलं नाही.

पिंप रिकामं करतो तेव्हा खारं पाणी
गटारातून बळ्ळारी नाल्यात जातं,
तिथून मार्कंडेय, घटप्रभा, कृष्णा,
म्हणजे पूर्वेला.
नळ्या मात्र पश्चिमेला गेलेल्या, घाट उतरून, टेम्पोतून.
माझं मीठ त्यांच्यापर्यंत कधी पोचायचं नाही.

सकाळी आठला भोंगा होतो, संध्याकाळी साडेपाचला.
पोरी डबे घेऊन पळतात.
मी काचेपाशी थांबतो.
भोंगा कधीच थांबलेला असतो,
मी मोजत असतो,
एकोणसाठ, साठ, एकसष्ट.
इराण्णा दिवे मालवत येतो,
शेवटचा ठेवतो.