बेर्नाबेचं माप

माझ्या वहीत त्याची दोन पानं आहेत.
पहिलं ब्याऐंशी सालचं:
छाती छत्तीस, बाही पंचवीस,
कडेला शेरा, 'वाढता आहे. कापड दोन बोटं सोडणे.'
खाण कंपनीने कुडचड्यात टीम काढली
आणि असोळण्याचा हा पोरगा
रापणीची दोरी टाकून गोलात येऊन उभा राहिला.
हजेरी टाइम-ऑफिसात, पगार सात तारखेला,
काम: चेंडू आत जाऊ न देणे.

हिरव्या जर्सीवर एकचा आकडा मीच शिवला.
'सोपा आहे,' म्हणाला, 'एक रेघ.'
म्हटलं, शिवायला सोपा.

दुसरं पान: छाती एक्केचाळीस.
उजवा खांदा अर्धा इंच खाली,
फातोर्ड्याच्या खांबावर आपटला तेव्हापासून.
हातमोजे उसवले की माझ्याकडेच यायचे.
आत हात घालून टाका मारताना कळायचं
कुठलं बोट कुठे मोडलंय.
करंगळी कोलकात्यात. अंगठा कोझिकोडला.
मधल्याचं तो सांगत नसे.
ती पेनल्टी त्या बोटाला घासून आत गेली होती,
आणि सोमवारी सगळं कुडचडें
त्याच्याशी न बोलता त्याच्या शेजारून गेलं.
मीही मशीनवरून मान वर केली नाही.
दोरा तुटला नव्हता, तरी ओवत बसलो.

मग खाण बंद पडली.
ट्रक उभे उभे गंजले.
टीमचं सामान एका टेंपोत मावलं, वर जागा उरली.
त्याला कंपनीने घड्याळ दिलं, ते पाच मिनिटं पुढे पळतं.
हल्ली इगर्जीमागच्या मैदानात तो पोरांना गोलात उभं करतो,
फुकट.
शिव्या मात्र पगारी खेळाडूच्या.

आज आला. धाकटीचं लग्न, काळा सूट हवा.
नवं पान उघडलं. म्हटलं, हात वर कर.
त्याने दोन्ही हात पसरले,
गुडघे किंचित वाकवले, टाचा उचलल्या,
आणि मी, सत्तरीचा म्हातारा, गळ्यात टेप घेऊन
बारा यार्डांवर उभा असल्यासारखा
थबकलो.

छाती अडतीस.
बाही एक पंचवीस, एक साडेचोवीस.
उंची पाऊण इंच कुठे गेली, विचारलं नाही.
'तेव्हा मी,' एवढंच म्हणालो,
आणि कोपर लागून टेबलावरचा खडू घरंगळला,
त्याच्या बुटापाशी पडून दोन तुकडे झाले.
त्याने हात हलवला नाही.

'बाहेर जात होता, मेस्ता,' म्हणाला,
'सोडला.'