सांधा

एल्स्पेथ पर्व्हिस फाटक उघडते,
खांबाला बांधलेली दोरी दोनदा ओढून बघते.
"निसरडं आहे. मेंढ्यांच्या वाटेने उतरा,
माझ्या मागून नको;
माझे गुडघे हल्ली आडवे चालतात."

खाली सिकर पॉइंट.
करडे थर उभे,
मांडणीत ताटं लावावीत तसे.
त्यांच्यावर तांबडा दगड,
जेवून जरा लवंडलेला.
"या दोघांच्या मध्ये साडेसहा कोटी वर्षं गायब आहेत,"
विद्यापीठातली पोरं तिला सांगतात.
दरवर्षी पोरं नवी, आकडा तोच.
ती मान डोलावते, जणू आत्ताच कळलं.

समुद्रावरून धुकं येतं. इथे त्याला म्हणतात हार.
गळ्यात घालायचा नव्हे, पत्करायचाही नव्हे;
यायचा तेव्हा येतो,
शेतातला कोबी पुसतो, मेंढ्या पुसतो,
वरचं पडकं चर्चही,
ज्याच्या भिंतीत तांबडे नि करडे दगड
एकाच चुन्यात शेजारी बसलेत.
गवंड्याने विचारलं नसणार
कोण थोरला, कोण धाकटा.

"पण मधली वर्षं गेली कुठे?"
चष्म्यावरचं पाणी पुसत एक पोरगा.
"समुद्राने नेली. दुसरं कोण नेणार?"

वॉटीबद्दल आई एवढंच बोलली होती,
एकदाच,
आणि बटाटे सोलायला बसली होती.
घरच्या बायबलात पहिल्या पानावर जन्म-मृत्यूंची नोंद:
आजोबांचं अक्षर उभं, ताठ,
मग सव्वीस वर्षं कोरा कागद,
मग खाली एल्स्पेथचं, उजवीकडे कललेलं.

ती कशीबशी वाकते.
"इथे बघ. अजून जवळून."
तांबड्याच्या बुडाशी करड्याच्या कपच्या,
धार न गेलेल्या,
भाकरीत दाताखाली यावेत तशा खड्यांसारख्या.
"सगळं नाही नेलं त्याने."

शिवणाच्या डब्यातली जाळं विणायची सुई,
तिच्यावर अजून गुंडाळलेला हातभर दोरा,
हे ती सांगत नाही.
पोरगा वहीत काहीतरी लिहितो,
शाई भिजून पसरते.

वर आल्यावर ती मोजते,
प्रत्येकाच्या खांद्याला बोट लावून.
अकरा उतरले होते.
अकरा.
मगच दोरी सोडते.